माहेरचे आडनाव नातवंडाचे नाव का होऊ नये?

संपादक महोदय,

मुलांच्या नावांविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात आडनावालाच नाव करण्याच्या पद्धतीला ‘परदेशी खूळ’ म्हणून दोन ओळींत निकालात काढले आहे. ही पद्धत खूळ नाही, आणि महाराष्ट्रात तिची गरज आहे, असे मला ठामपणे वाटते.

इंग्लंडमध्ये ती रुजली त्यामागे एक कारण फार व्यवहारी होते. ज्या घरी मुलगा नाही, तिथली लेक लग्न होऊन गेली की घराण्याचे नाव संपे. ते टिकावे म्हणून लेकीच्या मुलाला माहेरचे आडनावच पहिले नाव म्हणून देत. आडनावे अशी नावांच्या जागी येऊ लागल्याची नोंद विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने १६०५ मध्येच करून ठेवली आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या डार्सीचे पहिले नाव फिट्झविल्यम, ते त्याच्या आईच्या माहेरचे आडनाव. अमेरिकेचे तेरावे अध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांची आई मिलार्डांची लेक, आणि वुड्रो विल्सन यांच्या आईचे माहेर वुड्रो. पुढे यात फॅशन शिरली हे खरे. ‘स्प्लॅश’ या १९८४ च्या चित्रपटातली जलपरी रस्त्यावरची पाटी वाचून स्वतःला मॅडिसन म्हणवून घेते; २००१ मध्ये ते अमेरिकेत मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होते. तशा हौसेची वकिली मी करत नाही.

आपल्याकडे हे चालणार नाही, लोक हसतील, असे लेखात म्हटले आहे. गोव्यात चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री झाले, कोणाचे काही अडले नाही. क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदरच्या नावाला तर अनेकजण आजही हसतात. त्यांनी त्यामागची हकीकत वाचावी. चेन्नईच्या ट्रिप्लिकेन भागात पी. डी. वॉशिंग्टन नावाचे एक माजी सैनिक राहत. शेजारच्या गरीब घरातल्या क्रिकेटवेड्या मुलाची फी त्यांनी भरली, गणवेश आणि पुस्तके घेऊन दिली, सायकलवर बसवून त्याला मैदानावर नेले. १९९९ मध्ये ते वारले. त्याच वर्षी त्या मुलाला, म्हणजे एम. सुंदर यांना, मुलगा झाला. रीतीप्रमाणे बाळाच्या कानात श्रीनिवासन हे नाव सांगितले गेले होते. पण वडिलांनी ठरवले, याला वॉशिंग्टन म्हणायचे. रक्ताचे नाते नसलेल्या माणसाचे उपकार एका बापाने असे जन्मभरासाठी लेकराच्या नावात जपले. यात हसण्यासारखे काय आहे?

आता आपल्या घरात पाहू. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात, उखाणे होतात, फोटो निघतात. माझ्याही लग्नात ते झाले. एका ताटात माझे नावही गेले आणि आडनावही गेले. पदवीच्या प्रमाणपत्रावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी; त्या दोघी एकच आहेत हे पटवायला प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा. हा त्रास कागदावरचा, तो सोसता येतो. पण आम्ही बहिणीच बहिणी. वडील गेले तेव्हा सांत्वनाला आलेली माणसे माझ्या आईला म्हणत होती की आता तुमचे आडनाव लावायला मागे कोणी नाही. तिच्या लेकी समोर बसलेल्या होत्या.

या एका वाक्याने आपल्याकडे किती घरांत काय काय घडले ते मी वेगळे सांगायला नको. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशाच्या आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रालाच करावा लागला. ‘वंशाला दिवा’ हवा यामागे म्हातारपणाची काळजी असते, इस्टेट असते, पण घराचे नाव बुडेल ही भीतीही असते, आणि ती शिकल्यासवरलेल्या घरांतही असते. वंशाचा अभिमान मला स्वतःला नाही. पण ज्यांना आहे त्यांना हे दिसू द्या की नाव लेकही पुढे नेऊ शकते. मुलगाच हवा म्हणणाऱ्यांची निदान एक सबब कमी होईल.

माझ्या भाचीने हेच केले. तिच्या मुलीचे नाव लिमये. सुरुवातीला घरात सगळ्यांना अवघडल्यासारखे झाले. आत्याबाईंनी बारशाच्या पाळण्यात दुसरेच नाव घुसवायचा प्रयत्न करून पाहिला. आता ‘लिमये, दूध पिऊन घे’ अशी हाक वाड्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. जन्म नोंदवायला गेल्यावर मात्र खिडकीवरून उत्तर आले, हे आडनाव झाले, नाव सांगा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यात नावाशिवायही जन्म नोंदवता येतो आणि नाव मागाहून घालता येते. पण आईबापांनी कोणते नाव निवडावे हे त्याने ठरवून दिलेले नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, तो जातीचा. आपल्याकडे आडनाव ऐकले की समोरचा मनातल्या मनात हिशेब मांडतो. नावही आडनाव आणि आडनावही आडनाव झाले तर तो हिशेब दुप्पट सोपा होईल, हे खरे आहे. म्हणून एकाच जातीतल्या दोन बड्या घराण्यांची नावे मिरवण्यासाठी, किंवा नुसते देशमुख-सरनाईक वजन यावे म्हणून कोणी हे करणार असेल तर माझा त्याला विरोध आहे. पण भाचीचा विवाह आंतरजातीय आहे. तिथे आईचे घर आणि बापाचे घर एका नावात शेजारी शेजारी बसतात. असे नाव कोणत्याच जातीच्या कप्प्यात नीट मावत नाही, आणि मला ते फार आवडते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लावायचे असा निर्णय राज्य सरकारने घेतला. तो चांगलाच आहे. पण शेवटी आडनावाच्या रकान्यात बहुतेक घरांत बापाचेच घर येते, आईचे घर त्यात कुठेच नाही. इंग्लंडातल्या रीतीतही खोट होती. माहेरचे नाव मिळे ते बहुतेक मुलग्यांना. शार्लट ब्राँटीच्या ‘शर्ली’ या १८४९ च्या कादंबरीत मुलाची वाट पाहून थकलेले आईबाप त्याच्यासाठी ठरवलेले नाव मुलीला देतात. तोवर ते नाव पुरुषांचे होते. आपण सुरुवातच मुलींपासून करू शकतो, आणि मुलगे झाले तर त्यांनाही द्यावे. तसे झाले नाही तर ही ‘बायकी’ नावे ठरून मुलांचे आईबाप त्यांच्याकडे पाठ फिरवतील. शर्लीचे पुढे तेच झाले.

आपल्या लेखासोबत नावांची लांबलचक यादी होती. पुढच्या वेळी तिच्याखाली एवढी सूचना छापावी: ‘आईच्या माहेरचे आडनावही चालेल.’ आणि नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्यांना वरिष्ठांनी एका परिपत्रकाने कळवावे की आईबापांनी लिहून दिलेले नाव तसेच नोंदवायचे आहे.

आपली,
एक वाचक, सांगली