मुलाच्या जखमेला मोठ्यांचा आकडा नको




सुट्ट्या लागल्या की सर्जिकल वॉर्डात मोटारसायकलच्या चाकात पाय सापडलेली मुले येऊ लागतात. टाचेची कातडी सोलून निघालेली, कधी आतले हाडही दिसणारे. अशा जखमेचे ड्रेसिंग रोज, कधी दिवसातून दोनदा. सुकून चिकटलेले गॉज सोडवायचे म्हणजे मुलाला तिघाचौघांनी दाबून धरायचे. २८ वर्षे मीही त्या धरणाऱ्यांत होते. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की पोरे आईच्या पदराआड शिरायची.

म्हणूनच व्हॅक ड्रेसिंग वॉर्डात आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. जखमेच्या मापाचा स्पंज कापून आत बसवायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी, त्यातून नळी आणि नळीला पंप. जखमेतले घाण पाणी सतत ओढले जाते, सूज उतरते, कडा जवळ येतात, तळाला लाल मांस धरू लागते. मग त्यावर कातडी लावता येते. अमेरिकेतले शल्यविशारद लुई अर्जेंटा आणि संशोधक मायकेल मॉरिक्वास यांनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली. मुलांच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा साधा आहे : रोजचे ड्रेसिंग दोन-तीन दिवसांवर जाते.

तरीही ‘प्रत्येक रुग्णालयाला यंत्र द्या’ एवढ्यावर थांबणारी मागणी मला मान्य नाही. यंत्र येते ते मोठ्या माणसाच्या हिशेबाने. दाबाचा नेहमीचा आकडा उणे १२५ मिलिमीटर पारा. नवजात आणि तान्ह्या बाळांसाठी तज्ज्ञ त्याहून बराच कमी, ५० ते ७५ च्या आसपासचा दाब सुचवतात. रक्ताचे गणित तर कोणालाही समजेल असे आहे. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. दहा किलोच्या बाळाचे सगळे रक्त मिळून ८०० मिलिलिटर. पंपाला जोडलेला डबा ५०० मिलिलिटरचा असेल आणि जखमेत एखादी रक्तवाहिनी फुटली, तर ‘डबा भरला की बदलू’ असे म्हणणाऱ्याच्या हातून ते बाळ गेलेले असेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये या उपचारातील रक्तस्रावाबद्दल इशारे दिले. नवजात, तान्ही आणि लहान मुले यांच्यासाठी त्याची सुरक्षितता अजून सिद्ध झालेली नाही, असे दुसऱ्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले होते. डॉक्टर तरीही मुलांना हा उपचार देतात. अनुभव चांगला आहे म्हणून देतात, आणि ते योग्यच आहे. पण मग लक्ष ठेवण्याची जबाबदारी दुप्पट होते.

खर्च परवडत नाही म्हणून आपल्याकडे स्पंज, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालतात ती नळी) आणि भिंतीतले सक्शन जोडून व्हॅक केले जाते. त्या कल्पकतेला मी नावे ठेवणार नाही, तिने कित्येक पाय वाचवले आहेत. मात्र दाब मोजणारे मीटर नसेल तर लहान मुलाला ते जोडू नये. वीज गेली तर काय करायचे तेही आधी ठरलेले हवे. पंप दोन तासांहून जास्त बंद राहिला तर ते ड्रेसिंग काढावेच लागते, नाहीतर बंद स्पंजाखाली जखम चिघळते. लोडशेडिंगच्या गावात ही बारीकसारीक गोष्ट नव्हे.

आता वेदनेबद्दल. मुलांचे मांस झपाट्याने वाढते आणि स्पंजाच्या छिद्रांत शिरते. एका रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलीचा स्पंज जोडून आलेल्या सुट्ट्यांमुळे चार दिवस तसाच राहिला आणि पाचव्या दिवशी भूल न देता ओढून काढला गेला. स्पंजाबरोबर नवे मांसही निघाले. त्या पोरीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खाली व्हॅसलीनची जाळी घातली असती, काढण्याआधी वीस मिनिटे सलाइनने स्पंज भिजवला असता आणि भूलतज्ज्ञाला बोलावले असते, तर हे टळले असते. ‘ड्रेसिंगला कशाला भूल?’ हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला. दरवेळी उपाशी ठेवावे लागते, भूलतज्ज्ञ मिळत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. पण रोजच्या ड्रेसिंगला आपण भूल देऊ शकत नव्हतो, आठवड्यातून दोनदा ती देता येते. व्हॅकने मिळवून दिलेली ही सवलत मुलाच्या पदरात पडत नसेल, तर यंत्र कोणासाठी घेतले?

यंत्राच्या खरेदीबरोबरच शासनाने मुलांसाठी वेगळा कागद काढावा. वजन, दाब, दर तासाला डब्यात आलेले पाणी आणि त्याचा रंग, आत घातलेल्या स्पंजांची संख्या, पुढच्या ड्रेसिंगची तारीख आणि भूल कोण देणार त्याचे नाव. रात्रपाळीच्या सिस्टरला तो वाचता आला पाहिजे, म्हणून मराठीत. आणि तो कागद येईपर्यंत आईबापांनी ड्रेसिंगच्या आदल्या दिवशी न घाबरता विचारावे, ‘सिस्टर, उद्या भूल देणार आहात ना?’ या प्रश्नाचा राग धरू नका, हे माझ्या नोकरीतल्या बहिणींना सांगणे आहे.

— एक निवृत्त अधिपरिचारिका, सातारा