सोसणं वेगळं, सांभाळणं वेगळं

मंडळी, इथं आपण सगळे गावाकडच्या आठवणी लिहितो. निपाणीच्या वखारी, बेळगावचे मांडे आणि कुंदा, सीमालढ्यातले मोर्चे. मीसुद्धा आज आईची आठवणच लिहितेय. वाचताना कुणाला अवघडल्यासारखं झालं तर होऊ दे. आईला अवघडल्यासारखं वाटलं म्हणूनच ती 31 वर्षं गप्प राहिली.

माझं माहेर निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. दिवसभर तंबाखू चाळायची, पोती उचलायची, आणि घरी आल्यावर कंदिलाजवळ बसून बिड्या वळायची. आम्ही पाच भावंडं. सगळ्यात धाकटा बाबू 1971 सालचा. त्याचं बारसं झालं आणि तिसऱ्या आठवड्यात आई पुन्हा पोतं उचलायला वखारीत हजर. रजा घेतली तर रोज बुडायचा.

आई नऊवारीचा काष्टा फार घट्ट घालायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "आक्काचं नेसणं बघा, वय झालं तरी कसं ताठ!" आम्हालाही त्याचा अभिमान होता. त्या काष्ट्याच्या आत जुन्या लुगड्याची घडी दाबून बसवलेली असायची, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

हळूहळू ती माणसांत जाईनाशी झाली. लग्नाला यायची नाही. एसटीचा लांबचा प्रवास नको म्हणायची. पंढरपूरला जायचं फार मनात होतं, पण दर वर्षी काहीतरी निमित्त काढायची. "रांगेत कोण उभं राहणार तासन्‌तास?" म्हणायची. लोक म्हणाले, म्हातारी तऱ्हेवाईक झाली. आम्हीही तसंच समजलो. हीच बाई 1981 च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसलेल्या शेतकऱ्यांना भाकरी पोचवायला रोज जात होती. 6 एप्रिलला गोळीबार होऊन 12 माणसं गेली, तरी दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडायला भ्याली नव्हती. तशी बाई लग्नाच्या मांडवाला का भिते, हे आम्ही कुणी विचारलंच नाही.

2002 साली एका रात्री तिची लघवी पूर्ण बंद झाली. पोट फुगलं, ताप आला. दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी तपासून बाहेर येऊन विचारलं, "यांचं अंग पूर्ण बाहेर आलंय. कधीपासून आहे हे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. आतून आईच म्हणाली, "बाबूच्या बाळंतपणापास्नं." बाबू तिथंच उभा होता. त्याचं वय तेव्हा 31.

तिचा रक्तदाब आणि दमा बघून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको. त्यांनी अंग आत बसवलं, एक रिंग घातली आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. आठवड्याभरात आई घरात चालू-फिरू लागली. ती मला म्हणाली, "एवढंच होतं व्हय गं?" पुढं काही बोलली नाही, भिंतीकडं तोंड करून झोपली. पुढच्या वर्षी ती पंढरपूरला जाऊन आली. 2009 साली गेली. अडतीस वर्षांतली फक्त शेवटची सात वर्षं तिला मोकळेपणी चालता आलं.

हे सगळं माहीत असूनही माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं, तेही सांगते. 2017 साल, मी 55 वर्षांची. गणपतीच्या आधी गॅसची भरलेली टाकी मी एकटीनं ओढून ओट्याखाली सरकवली. संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, बसले की कांद्यावर बसल्यासारखं. आणि मी, निपाणीच्या आक्काची लेक, शाळेत पोरींना शरीरशास्त्र शिकवलेली बाई, चार महिने कुणाला बोलले नाही. शेवटी नणंदेनं ओळखलं. म्हणाली, "वैनी, तुम्ही अशा का चालालाय? काय लपवालाय सांगा."

पहिल्या ठिकाणी गेले तिथं पाच मिनिटांत निकाल लागला. "वय झालंय, पिशवीचं आता काय काम? काढून टाकू." किती खाली आलंय, पुढून मूत्राशय ओघळलंय की मागून गुदाशय, काही सांगणं नाही. दुसरा काही उपाय आहे का, असं विचारलं तर उत्तर आलं, "उपाय म्हणजे हाच." मी घाबरून सही करणार होते. नणंदेनं हात धरून बाहेर काढलं.

दुसऱ्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्यांनी आडवं करून तपासलं, खोकायला लावलं, जोर करायला सांगितलं. मग कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणं, जड उचलणं, जुना खोकला, कायमचा मलावरोध, वाढलेलं वजन, पाळी गेल्यानंतरचा अशक्तपणा, या सगळ्यानं ती झोळी सैल होते आणि तिच्यातलं सामान खाली घसरतं. हा कॅन्सर नव्हे आणि यातून कॅन्सर होत नाही. काही त्रासच नसेल तर उपचारही लागतोच असं नाही. त्रास असेल तर व्यायाम, रिंग, ऑपरेशन असे तीन रस्ते आहेत. "कुठला रस्ता घ्यायचा ते तुम्ही ठरवा, मी प्रत्येकातलं बरं-वाईट सांगते," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

व्यायाम दिसायला सोपा आहे. वारा आणि लघवी एकदमच अडवतोय असं समजून खालचे स्नायू वर ओढायचे, पाचपर्यंत मोजायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली तो मांडला, म्हणून त्यांचं नाव त्याला आहे. पण पुष्कळ बायका वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, म्हणून निदान एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडू नये. तीन-चार महिने नेटानं करावा लागतो. 2014 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 447 बायकांवरचा अभ्यास आला. ज्यांना शिकवणारं माणूस देऊन व्यायाम करून घेतला, त्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला. हा उपयोग पहिल्या पायऱ्यांवर जास्त. अंग पूर्ण बाहेर आलं असेल तर नुसत्या व्यायामानं ते परत जात नाही.

रिंग म्हणजे मऊ सिलिकॉनचं कडं. डॉक्टर माप बघून बसवतात आणि ते अंगाला आतून आधार देतं. पहिलं माप मला बसलं नाही, शौचाला बसल्यावर निसटलं. दुसरं बसलं. नीट बसलं की ते आत आहे हे जाणवतसुद्धा नाही. कित्येकींना स्वतः काढून, धुऊन परत घालता येतं. नवरा-बायकोच्या संबंधाची काळजी असेल तर तेही डॉक्टरांना विचारावं, मार्ग असतो. पण एक लक्षात ठेवा. रिंग घातली आणि विसरलं, असं करायचं नाही. ती आत वर्षानुवर्षं राहिली तर जखम होते. ठरलेल्या तारखेला दाखवायलाच हवं. रक्त दिसलं, घाण वास आला, दुखायला लागलं किंवा लघवी अडली तर तारखेची वाट बघू नये.

बाकीचं घरातच करायचं. सकाळी कोमट पाणी, भाकरी, पालेभाजी, म्हणजे कुंथावं लागत नाही. कमोडवर बसताना पायाखाली पाट. खोकण्या-शिंकण्याआधी आणि काही उचलण्याआधी खालचे स्नायू आवळून घ्यायचे. गॅसची टाकी आता आमचे हे आणि मुलगा सरकवतात. आठ वर्षं झाली, मी रिंगवर आहे. चालते, प्रवास करते, नातवाला मात्र बसूनच मांडीवर घेते.

आता माझं मत सांगते, कारण त्यासाठीच हे लिहायला बसले. आपल्या घरांत दोनच टोकं आहेत. एक तर आईसारखं मरेपर्यंत सोसायचं, नाहीतर कुणी म्हटलं की पिशवी काढून मोकळं व्हायचं. मधला रस्ता कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

सोसण्याचं माप डॉक्टर अभय आणि डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीत घेतलंय. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायका त्यांनी तपासल्या आणि 1989 साली निष्कर्ष छापले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. आपण म्हणू, ते जंगलातलं, जुनं. पण निपाणीची माझी आई तरी कुठं त्या आठात होती?

दुसऱ्या टोकाचं माप बीडचं. चिकोडी-निपाणीच्या शिवारात हंगामाला ज्या ऊसतोड टोळ्या येतात, त्यांत तिकडच्याही असतात. 2019 मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. 82 हजारांवर बायकांत 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्यांना अंग बाहेर येण्याचाच त्रास होता असं नव्हे. पोटदुखी, पांढरं जाणं, अशा तक्रारींवरही पिशव्या गेल्या. 2023 साली सुप्रीम कोर्टाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की गरज नसताना पिशवी काढणं रोखणारी नियमावली लागू करा.

आणि ‘पिशवी काढली की सुटलं’ हा समजही अर्धवट आहे. झोळी सैल असेल तर पिशवी काढल्यावरही उरलेला भाग खाली येऊ शकतो. आपल्याच माणसांनी हे कधीच ओळखलं होतं. गोव्यात जन्मलेले डॉक्टर विठ्ठल शिरोडकर आणि मुंबईचे डॉक्टर पुरंदरे यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया आजही पुस्तकांत आहेत. त्या पिशवी जागेवर ठेवून वर बांधून घेण्याच्या आहेत.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही, हे नीट वाचा. माझ्या याच नणंदेनं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून घेतलं, कारण तिला रिंग टिकेना. ती सुखात आहे. नेदरलँड्समध्ये 440 बायकांचा अभ्यास झाला, तो 2022 साली छापून आला. दोन वर्षांनी रिंगपासून सुरुवात केलेल्या गटात शंभरातल्या 76 बायकांना बरं वाटत होतं, ऑपरेशनच्या गटात 81 ना. मात्र रिंगवाल्यांतल्या निम्म्यांहून जास्त बायकांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे रिंग सगळ्यांनाच पुरते असं नाही. पण आधी रिंग वापरून बघितली तर ऑपरेशनचं दार काही बंद होत नाही. काढलेली पिशवी मात्र परत बसवता येत नाही. म्हणून घाईची सही करू नका. विचारा, किती खाली आलंय? रिंग चालेल का? व्यायामानं थांबेल का? नाही केलं तर काय होईल? उत्तर देणार नाहीत तिथून उठा आणि दुसऱ्याला दाखवा.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. आपण मराठीत म्हणतो ‘अंग बाहेर येतंय’, कन्नडमध्ये म्हणतात गर्भकोश जारलंय. पाट्यांवरून आपण 1956 पासून भांडालोय, पण या दुखण्याचं नाव दोन्ही भाषांतल्या बायका सारख्याच दबक्या आवाजात घेतात. केस पेपरवर मात्र ‘कंबरदुखी’ लिहून येतं, कारण आपण तेवढंच सांगतो.

पुरुष मंडळींनी इथवर वाचलं असेल तर त्यांनाही सांगते. घरातली आई, बायको, सासू लग्नाला यायचं टाळत असेल, प्रवासात पाणी पीत नसेल, उभं राहायला नको म्हणत असेल, तर तिला तऱ्हेवाईक ठरवू नका. एकदा विचारा, आणि बाळंतिणीला निदान सव्वा महिना जड उचलू देऊ नका. आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाला मी म्हटलंय, या संक्रांतीला वाण म्हणून स्टीलची वाटी नको, एक डॉक्टरबाई बोलवू. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. त्यातल्याच एकीनं रात्री फोन केला आणि हळूच विचारलं, "अक्का, ते रिंगचं काय म्हणालीस गे?"

पोस्ट लांबली. पण आईच्या एकतीस वर्षांपुढं ही काही लांब नाही.