दफ्तराची किल्ली कोणाकडे?

परवा एका सभेत एका सद्गृहस्थांनी ठणकावून सांगितले : खुली मानके ही इंजिनिअरांची हौस आहे, सरकारने बाजारात मिळेल ते सॉफ्टवेअर घ्यावे, लोकांना कागद हातात पडल्याशी मतलब. शिवाय खुले ते असुरक्षित, आणि फुकटच्या मालाला वाली नसतो.

शेवटचे दोन आक्षेप अज्ञानाचे आहेत. मानक खुले म्हणजे लिहिण्याचा नियम खुला, लोकांची माहिती नव्हे. आणि ते पाळणारे सॉफ्टवेअर पैसे मोजूनही घेता येते. फक्त उद्या दुकान बदलायची मोकळीक राहते.

पण ‘कागद हातात पडल्याशी मतलब’ हे मला सोसवत नाही. जुन्या फॉन्टांत देवनागरीची वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि दर कंपनीची मांडणी निराळी. तसा टाइप केलेला अर्ज मी एका कचेरीत पेनड्राइव्हवर नेला. तिथे तो फॉन्ट नव्हता. माझ्या नावाच्या जागी कंस आणि स्वल्पविराम उमटले. ‘काका, पुन्हा टाइप करून आणा,’ एवढेच उत्तर मिळाले. कन्नड फॉन्टांचीही हीच रड होती. उलट पणजोबांच्या काळचे मोडी दफ्तर घ्या. मोडी शिकलेला कोणीही ते आज वाचतो, कारण त्या लिपीची किल्ली कुणा दुकानदाराच्या खिशात नव्हती. २०१४ साली मोडीला युनिकोड या अक्षरांच्या खुल्या मानकातही जागा मिळाली. वीस वर्षांपूर्वीची सरकारी फाइल मात्र मुकी! ‘युनिकोडमध्ये मराठीचा र बसत नाही’ म्हणून अशाच मंडळींनी पूर्वी माझ्याशी वाद घातला होता. आज ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही नीट उमटतात. तो आक्षेप मागे घेतल्याचे कुणी कळवलेले नाही.

बेळगावजवळच्या हिंडलग्यात १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथून जाताना हा विषय मला कोरडा वाटत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरांचे तक्ते समांतर मांडलेले आहेत : आपल्या तक्त्यात ‘क’ ज्या जागी, कन्नडच्या तक्त्यातही त्याच जागी. जमिनीच्या उताऱ्यावरचे कन्नड नाव युनिकोडमध्ये साठवलेले असेल, तर ते देवनागरीतही छापणे यंत्राला अवघड नाही. मग कन्नडचे काही जात नाही, आणि सीमाभागातल्या आमच्या मराठी शेतकऱ्याला स्वतःचे नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत नाही.

ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने नोव्हेंबर २०१०मध्येच जाहीर केले आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही सरकारांनी खुल्या मानकांची अट प्रत्येक तालुका कचेरीच्या खरेदीत घालावी, आणि जुन्या फायली उघडणारी यंत्रे मोडीत निघण्याआधी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात.