गळ्यातली पाटी आणि गळ्यातले गाणे

मनू हे नाव आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. मी जिच्याविषयी लिहिणार आहे ती मनू मात्र वेल्समधली. तिच्या नावाचे रोमन स्पेलिंग आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण वेल्श माणसे त्याचा उच्चार जवळजवळ आपल्यासारखाच करतात. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी बेलारूसची राजधानी मिन्स्क येथे ‘ज्युनियर युरोव्हिजन’ ही मुलांची आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा झाली. तीत चौदा वर्षांची मनू आपल्या देशाच्या वतीने गायली. वेल्स या स्पर्धेत प्रथमच उतरले होते. एकूण वीस देश होते. पोलंडची तेरा वर्षांची रोक्साना वेंगिएल २१५ गुण मिळवून पहिली आली. मनूला २९ गुण मिळाले आणि तिचा क्रमांक विसावा, म्हणजे शेवटचा लागला.

वसतिगृहात हे सांगितले तेव्हा एक मैत्रीण पटकन म्हणाली, “अगं, मग पहिली आली तिच्यावर लिही की! शेवटच्या नंबरावर कोणी लेख लिहितं का?” प्रश्न रोखठोक होता. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

ही स्पर्धा २००३ साली कोपनहेगनला सुरू झाली. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. गाणे मुख्यतः आपल्या देशाच्या भाषेतच असले पाहिजे. मनू गायली ती वेल्शमध्ये. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये ही भाषा येणारी माणसे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे आपल्या एका कोल्हापूर शहराएवढी. शेजारी बलाढ्य इंग्रजी. अशा भाषेतले गाणे एका मुलीने साऱ्या युरोपला ऐकवले.

या घटनेचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १८४७ साली ब्रिटिश सरकारच्या एका अहवालाने वेल्श भाषा ही तिथल्या लोकांच्या प्रगतीतला अडसर आहे असा निष्कर्ष काढला होता. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांमध्ये एक लाकडी पाटी असे. जे मूल वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. दुसरे कोणी बोलले की ती त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल, त्याला शिक्षा. पाटी आपल्या गळ्यातून काढायची तर दुसऱ्याला पकडून द्यायचे, अशी ती युक्ती होती.

वाचकहो, हे वाचताना मला घाम फुटला. आमच्या शाळेत पाटी नव्हती, वही होती. इंग्रजी माध्यमाची शाळा. वर्गात मराठी शब्द उच्चारला की एक रुपया दंड आणि वहीत नाव. सातवीत ती वही माझ्याकडे होती. मी वर्गाची मॉनिटर होते आणि नावे लिहिताना मला आनंद होत असे, हे आज कबूल केले पाहिजे. सर्वांत जास्त वेळा मी एकाच मुलीचे नाव लिहिले. ती खेड्यातून आलेली होती आणि तिचा गळा फार गोड होता. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनानिमित्त शाळेने तिलाच नऊवारी नेसवून पाहुण्यांसमोर मराठी गीत गायला लावले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती कुणाशी तरी मराठीत बोलली आणि मी तिचे नाव वहीत लिहिले.

तेव्हा यात काही विसंगती आहे असे आम्हा मुलांना वाटले नाही. वाईट याचे वाटते की ती मोठ्यांनाही वाटली नाही.

वेल्समधल्या मोठ्यांनी काय केले? सरकारने वेल्श दूरचित्रवाणी वाहिनीचे आश्वासन मोडले, तेव्हा अनेकांनी दूरचित्रवाणीचे परवाना-शुल्क भरायचे नाकारले. १९८० साली ग्विनवोर एव्हान्स या ज्येष्ठ नेत्याने वाहिनीसाठी आमरण उपोषण करण्याची घोषणा केली. उपोषणाची वेळ येण्यापूर्वीच सरकार नमले आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस-फोर-सी’ ही वाहिनी सुरू झाली. मनूला मिन्स्कला पाठवले ते याच वाहिनीने. आधी मोठ्यांनी आपला वाटा उचलला, छत्तीस वर्षे ती वाहिनी चालवली आणि मग एका मुलीला म्हटले, आता तू गा. या क्रमाला माझ्या लेखी त्या विसाव्या क्रमांकापेक्षा अधिक महत्त्व आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला मान्यही आहे. कोवळ्या वयाच्या मुलांना देशाचे नाव देऊन स्पर्धेत का उभे करावे? डेन्मार्क आणि नॉर्वे हे देश २००५ नंतर याच कारणाने स्पर्धेतून बाहेर पडले. मुलांना मिळणारी वागणूक त्यांना पटत नव्हती. वस्तुतः या स्पर्धेची मूळ कल्पनाच डेन्मार्कची. कोणी शून्यावर राहून खजील होऊ नये म्हणून काही वर्षे प्रत्येक गायकाला सुरुवातीलाच बारा गुण दिले जात. म्हणजे आयोजकांनाही ही टोचणी होतीच. मुलाच्या खांद्यावर देशाची अब्रू ठेवणे हा अन्यायच आहे. परंतु मनूवर भाषा वाचवण्याची जबाबदारी कोणी टाकली असेल असे मला वाटत नाही. ती शेवटची आली म्हणून वेल्शचे काही बिघडले नाही. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी वेल्शमध्येच गायली आणि एकोणीस देशांत अठरावी आली. २०२० साली महामारीमुळे वेल्स बाजूला झाले. वाहिनी मात्र चालू राहिली.

आपण नेमके याच्या उलट करतो. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. मुलांना नऊवारी नेसवून, फेटे बांधून मंचावर उभे केले. पण भाषेसाठी मोठ्यांनी करायची कामे, म्हणजे शाळा टिकवणे, शास्त्राची पुस्तके लिहिणे, मराठीत शिकलेल्याला नोकरी देणे, ही तशीच राहिली. आणि मुले मराठी बोलत नाहीत म्हणून तक्रार करायला पुन्हा आपणच पुढे!

आपल्या कलाशाखेतले कितीतरी जण उद्या शिक्षक होतील. कुणाच्या तरी हातात अशी एखादी वही येईल. ती बंद करण्यासाठी शासनाचा आदेश लागत नाही. मुख्याध्यापकांना “हे मी करणार नाही” एवढे नम्रपणे सांगण्याचे धैर्य लागते. ते जमले तर मुले गातील. पहिली येतील किंवा शेवटची येतील, त्याचा हिशोब नंतर पाहता येईल.

माझ्या वहीतल्या त्या मुलीने आठवीत शाळा सोडली. का सोडली, हे मी कधी विचारले नाही. ती अजून गाते की नाही, तेही मला माहीत नाही. मनूचे गाणे मी पुन्हा पुन्हा ऐकते. एक अक्षरही कळत नाही, पण प्रत्येक वेळी मला तिचीच आठवण होते.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, कला