जबलपूरच्या उन्हाळ्यात कोणती बीअर?

मे महिन्यात जबलपुरात दुपारचे तापमान अनेकदा 42 अंशांच्या पुढे जाते आणि कूलर नसलेल्या खोलीत रात्रीही पारा तिशीच्या खाली सहजासहजी उतरत नाही. अशा हवेत लहान प्रमाणावर, म्हणजे वीस-पंचवीस लिटरच्या भांड्यात, बीअर आंबवायची झाल्यास कोणता प्रकार निवडावा? गहू, जव आणि कोदो यांच्या मूल्यवर्धनाची चर्चा निघाली की हा प्रश्न हटकून येतो, आणि ‘हलकी, थंडगार लागणारी लागर’ असे त्याचे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर पिणाऱ्याच्या बाजूने योग्य असेल. करणाऱ्याच्या बाजूने ते साफ चुकीचे आहे, असे माझे मत आहे.

प्रथम कायद्याविषयी. मध्य प्रदेशात 1915 चा उत्पादन शुल्क अधिनियम आणि महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. दोन्हीकडे परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना स्वतःच्या वापरापुरती मर्यादित सवलत आहे. तिचा आधार इतरांना घेता येत नाही. म्हणून पुढील विवेचन परवानाधारक लघुउत्पादक, प्रयोगशाळा आणि त्यांना धान्य पुरवू इच्छिणारे शेतकरी यांना उद्देशून आहे. इतरांना त्यातील काय घेता येईल, तेही ओघात सांगतो.

‘उन्हाळी बीअर’ या शब्दातच घोटाळा आहे. बव्हेरियात 1553 च्या हुकमाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बीअर करण्यास मनाई होती, कारण उष्म्यात ती हमखास बिघडे. उन्हाळ्यात पिण्याची बीअर मार्चपर्यंत करून थंड तळघरांत ठेवली जाई. बेल्जियमच्या वालोनी भागातील ‘सेझों’ ही शेतमजुरांची बीअरही परंपरेने हिवाळ्यात करून कापणीच्या दिवसांत पाजली जाई. लागर बारमाही झाली ती 1870 च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांचे शीतयंत्र म्युनिकच्या कारखान्यात आल्यावर. इंग्रजांनीही कसौली आणि मरी (स्थापना 1860) येथे कारखाने काढले ते डोंगरावरचा गारवा पाहूनच. लागरचे यीस्ट 9 ते 13 अंशांत काम करते आणि त्यानंतर पेयाला काही आठवडे शून्याच्या आसपास मुरवावे लागते. जबलपूरच्या मे महिन्यात हा गारवा केवळ विजेच्या बिलातून येतो.

एल प्रकारच्या सामान्य यीस्टला 18 ते 22 अंश लागतात. किण्वनातून स्वतःची उष्णता निर्माण होते, म्हणून भांड्यातील तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढते. तिशीच्या वर हेच यीस्ट जड अल्कोहोले तयार करते. पेयाला पातळ रंगासारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते. भांड्याभोवती ओले पोते गुंडाळून पंखा लावल्यास कोरड्या हवेत पाच-सहा अंश कमी करता येतात. हा माठाचाच न्याय आहे. मात्र जूनअखेरीस पाऊस आला, की हवेतील दमटपणामुळे हा उपाय निकामी ठरतो.

तेव्हा उष्म्याशी भांडण्यापेक्षा उष्णता मानवणारा जीव निवडावा. माझी पसंती आंबट गव्हाच्या, कमी मद्यांशाच्या बीअरला आहे. बर्लिनमध्ये अशी सुमारे तीन टक्क्यांची बीअर जुन्या काळापासून चालत आली आहे. गव्हाचा आणि जवाच्या माल्टचा काढा प्रथम 35 ते 40 अंशांवर लॅक्टिक जिवाणूंनी एक-दोन दिवस आंबवायचा, मग उकळून जिवाणू मारायचे आणि नंतर यीस्ट घालायचे. पहिल्या टप्प्याला आपला उन्हाळा जवळजवळ फुकट मिळतो. हॉप्स या जिवाणूंना रोखतात, म्हणून ते नंतर आणि थोडेच घालावे लागतात. लाहौलखेरीज जे पीक देशात फारसे कुठे होत नाही, त्याचा खर्चही वाचतो. परवाना नसलेल्यांनी यीस्टच्या टप्प्यापूर्वीच थांबावे: तेथपर्यंतची वाट ही आपल्या आंबिलीचीच वाट आहे. यीस्टसाठी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शेतघरांतून आलेले ‘क्वाइक’ पाहावे. ते 30 ते 40 अंशांत स्वच्छ काम करते आणि काही दिवसांत किण्वन आटोपते. शेतकरी कुटुंबांनी ते लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपले.

ज्वारी किंवा कोदो वापरण्याचा उत्साह असेल, तर तीन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. जवाच्या तुलनेत त्यांचे पिष्ट अधिक तापमानाला फुलते. म्हणून धान्य वेगळे शिजवून, ते सुमारे 65 अंशांपर्यंत निवल्यावर माल्ट मिसळावे. मोड आणलेल्या ज्वारीच्या कोंबांत व मुळांत सायनाइड देणारे द्रव्य असते. वाळवल्यावर कोंब-मुळे चोळून काढणे अनिवार्य आहे. नायजेरियाने 1988 पासून जवाच्या माल्टची आयात रोखल्यावर तेथील मोठे कारखाने ज्वारीकडे वळले, तेव्हा हे काम अशक्य नाही. निष्काळजीपणाचे मात्र नाही. तिसरी गोष्ट कोदोची. ऑक्टोबर 2024 मध्ये बांधवगडात दहा हत्ती दगावले आणि तपासात बुरशीग्रस्त कोदोतील सायक्लोपियाझोनिक आम्लाकडे बोट दाखवले गेले. ओलसर कोदोतील हे विष उकळल्याने किंवा आंबवल्याने जाईल, असे मानून चालू नये. बुरशीचा संशय असलेले पोते बीअरलाही नको आणि जनावरांनाही नको.

आता माझा खरा आग्रह. उष्म्यात काम करणारे यीस्ट आपण नॉर्वेहून का आणावे? बस्तरचा लांदा, झारखंडातील हंडियाच्या ‘रानू’ गोळ्या, मोहाची पडलेली फुले ही सारी उष्ण प्रदेशातील सूक्ष्मजीवांची कोठारे आहेत. बियाण्यांचे वाण आपण गोळा करतो, नोंदवतो, शेतकऱ्याचे नाव त्याला जोडतो; आंबवणाऱ्या जिवांबाबत तेवढी आस्था दिसत नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आणि मऊ येथे कृषी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. डिंडोरी, मंडला, बालाघाट, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यातील कृषी विज्ञान केंद्रांनी मोहाच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, फुलांचे नमुने निर्जंतुक बाटल्यांत गोळा करावेत. प्रत्येक बाटलीवर झाडाचे ठिकाण, तारीख, त्या दिवसाचे तापमान आणि ज्या कुटुंबाने ते झाड दाखवले त्याच्या संमतीची नोंद असावी, म्हणजे उद्या त्यातून काही विकले गेले, तर वाटा कोणाचा हे शोधत बसावे लागणार नाही.