ताशी ४५ मैल

ब्लू रिज पार्कवेवर ताशी ४५ मैलांच्या वर जायला मुभा नाही, आणि ऑक्टोबरात, पानं रंगतात तेव्हा, तेवढाही वेग जास्तच वाटतो. व्हर्जिनियातल्या शेनँडोआपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी पर्वतापर्यंतचा हा ४६९ मैलांचा रस्ता. महामंदीत बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९३५ साली तो बांधायला घेतला. पुरा व्हायला १९८७ उजाडलं. (रखडलेल्या घाटरस्त्यांवर आपलीच मक्तेदारी आहे असं समजू नये.) मालट्रकांना इथे बंदी आहे, हे फार बरं.

पानांचा रंग आधी पाच-सहा हजार फुटांवरच्या माथ्यांवर येतो आणि मग आठवड्यागणिक खाली उतरतो. त्यामुळे उशीर झाला तर हळहळू नका, गाडी खाली घ्या. कॅम्परवाल्यांना मात्र थोडं रोखठोक सांगायला हवं: पार्कवेवर पेट्रोलपंप नाही, मुक्कामाच्या तळांवर विजेच्या जोडणीची आशा धरू नये आणि २६ बोगद्यांपैकी काही बुटके आहेत, गाडीची उंची आधीच मोजा.

सप्टेंबर २०२४च्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातला मोठा पट्टा उखडला. निघण्यापूर्वी कोणते टप्पे बंद आहेत, ते पाहूनच आखणी करा.