जाहिरात म्हणते ‘भावा’, अट मात्र इंग्रजीत! डहाणू-तलासरीतल्या पोरांची बोली बाजारात कशी वापरली जातेय?

डहाणू / तलासरी : सकाळी तलासरी नाक्यावर उंबरगाव, वापीकडे कामाला जाणारी पोरं गाडीची वाट बघत उभी असतात. हातात मोबाईल, अंगठा स्क्रीनवर. दोन-चार रील गेल्या की मध्येच जाहिरात येते. त्यातला पोरगा ‘ग्राहक बंधूंनो’ असं काही म्हणत नाही. तो सरळ म्हणतो, ‘भावा, विषय हार्ड!’ आणि पुढे हप्त्यावरचा मोबाईल, नवे बूट, नाहीतर दोन मिनिटांत कर्ज. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यातलाच कुणीतरी बोलतोय.

हे सहज घडत नाही. तरुण कसे बोलतात, कोणत्या शब्दावर थांबतात, कमेंटमध्ये काय लिहितात, हे बघून अशा जाहिराती तयार होतात. हा धंद्याचा भाग आहे, त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की आपली बोली वापरून नेमकं काय विकलं जातंय आणि अटी कोणत्या भाषेत सांगितल्या जातायत.

कंपन्यांना ही बोली का हवी?

कारण पैसा आता तरुणाच्या हातात आलाय. पहिला पगार झाला की मोबाईल, मग गाडीचा हप्ता. शिवाय घरातल्या खरेदीतही त्याचाच शब्द चालतो. बापाचा रिचार्ज तोच मारतो, आईची साडी ऑनलाईन तोच मागवतो.

पण हा ग्राहक जाहिरात बघत नाही, पुढे ढकलतो. त्याला थांबवायला त्याचाच शब्द लागतो. आणि शब्द ओळखीचा निघाला की विश्वासही बसतो. नाक्यावरचा मित्र ‘घे रे, भारी आहे’ म्हणाला, तर आपण फार चौकशी करत नाही. जाहिरातीला तोच भरवसा हवा असतो.

‘ठंडा’ हा शब्द कुठून आला?

ही युक्ती जुनीच आहे. २००२-०३ च्या सुमारास कोका-कोलाची आमीर खानची जाहिरात घराघरात पोहोचली होती. त्यात तो टपोरी मुंबईया हिंदीत बोलायचा. जाहिरातीचा सगळा भर ‘ठंडा’ या एका शब्दावर होता. हा शब्द कंपनीने शोधलेला नव्हता. गावातल्या टपरीवर कुठलंही शीतपेय मागताना लोक आधीपासूनच ‘ठंडा’ म्हणत. कंपनीने टपरीवरचा शब्द उचलला आणि आपल्या नावाला जोडला.

पण शब्दाबरोबर आणखी एक गोष्ट होती. त्याच काळात २०० मिलीची छोटी बाटली ५ रुपयांना आली. म्हणजे बोली लोकांची आणि किंमतही लोकांच्या खिशाला झेपणारी. नुसत्या बोलीवर माल एकदा खपतो. पुन्हा खपायचा तर किंमत आणि माल दोन्ही खरे लागतात.

कोल्हापूरचा शब्द, तलासरीचं पोरगं

आता आपल्याकडे बघू. ‘विषय हार्ड’, ‘नाद खुळा’ हे शब्द कोल्हापूरकडचे. रीलमधून ते महाराष्ट्रभर पसरले आणि इथेही पोचले. मात्र तलासरी-डहाणूतलं पोरगं दिवसभरात एकाच भाषेत बोलत नाही. घरी वारली किंवा आपल्या समाजाची बोली, शाळा-कॉलेजात मराठी, कंपनीत हिंदी आणि गुजराती, मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं सगळ्यांचं मिश्रण. बंदरपट्टीतली बोली वेगळी, जंगलपट्टीतली वेगळी.

२०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात १०० पैकी ९० हून जास्त लोक आदिवासी आहेत. तरीही या भागासाठी येणारी जाहिरात बहुतेक पुणे-कोल्हापूरच्या मराठीत नाहीतर मुंबईच्या हिंदीत असते. पोरांना ती कळते, आवडतेही. पण ती आपली वाटते का, हा वेगळा प्रश्न. इथल्याच एखाद्या पोराने वारलीत केलेली विनोदी रील गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरते, त्याचं कारण हेच.

बाहेरच्या माणसाची चूक आणखी एका ठिकाणी होते. तरुणांच्या तोंडी असलेला प्रत्येक शब्द मजेचा नसतो. ‘जोहार’ हा इथल्या तरुणांच्या बोलण्यात, स्टेटसवर सतत दिसणारा शब्द. पण तो टाईमपासचा नाही, मानाचा नमस्कार आहे. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तो दिला जातो, तेव्हा त्यामागे ओळख असते, अभिमान असतो. तोच शब्द कुणी साबणाच्या सेलवर छापला, तर ग्राहक जवळ येणार नाही, चिडेल.

आधी चित्र, आता बोली

या भागाला हा अनुभव नवा नाही. २०१० मध्ये कोका-कोलाने दिवाळीच्या मोहिमेत वारली चित्रशैली वापरली होती. ती मोहीम शहरातल्या तरुणांसाठी होती. वारली चित्रं बाजारात सगळीकडे दिसू लागली, तेव्हा त्यांचं श्रेय आणि मोबदला कुणाला, हा प्रश्न डहाणू भागात काम करणाऱ्या आदिवासी युवा शक्ती म्हणजे ‘आयुश’ने लावून धरला. पुढे २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

बोलीला मात्र असं मानांकन मिळत नाही. ते वस्तूला मिळतं, शब्दाला नाही. ‘भावा’ असो की वारलीतला एखादा शब्द, तो कुणीही उचलू शकतो. त्यामुळे इथे कागदापेक्षा लोकांनी जागं राहणं जास्त कामाचं.

आमिष आपल्या भाषेत, अट कुठल्या भाषेत?

खरा धोका इथे आहे. जाहिरातीचा आवाज मराठीत, ‘भावा’ मराठीत, ‘झटपट पैसे’ मराठीत. पण व्याज किती, हप्ता चुकला तर काय, पैसे परत मिळतील का, हे सगळं बारीक इंग्रजीत.

नियम याच्या उलट सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत नियम आणले. त्यानुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खालची सूचनाही हवी. म्हणजे दावा मराठीत केला तर सूचना मराठीत आणि वारलीत केला तर वारलीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि नंतर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचा नियमही भाषेचाच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक किंवा फायनान्स कंपनीने वैयक्तिक कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यायचा असतो. त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत, सगळे चार्ज आणि तक्रार कुठे करायची हे लिहिलेलं असतं. आणि हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. त्यात न लिहिलेला चार्ज कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. म्हणून ॲपवर ‘ओके’ दाबायच्या आधी हा कागद मागायचा. तो देत नसतील तर पुढे जायचंच नाही.

रील करणाऱ्यांनी हे वाचाच

डहाणू-तलासरीत चांगल्या रील बनवणारे तरुण वाढतायत. कंपन्यांना हवी असलेली बोली यांच्याकडेच आहे, मग तिचे पैसे मागायला संकोच नको. बाहेरच्या एजन्सीला गावात कोणता शब्द चालतो हे माहीत नसतं, यांना असतं. तेच त्यांचं भांडवल.

पण जबाबदारीही येते. पैसे, फुकट वस्तू किंवा भेट घेऊन एखाद्या मालाची शिफारस केली, तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तशा सूचना दिल्या आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमची जाहिरात तर करायचीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात अशा जाहिरातीसाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हजार-दोन हजारांसाठी ‘भावांनो, मी पण जिंकलो’ म्हणणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नाही.

दुकानदारांनी काय करावं?

इथल्या मोबाईलवाल्यांना, कपड्यांच्या दुकानांना, चिकूचे पदार्थ विकणाऱ्या बचत गटांनाही तरुण ग्राहक हवा आहे. त्यांना मोठ्या एजन्सीची गरज नाही. फ्लेक्स छापण्याआधी गावातल्या चार-पाच पोरापोरींना मजकूर दाखवा. ते हसले तर का हसले ते विचारा. तरुणांचे शब्द लवकर शिळे होतात, म्हणून असा शब्द व्हॉट्सॲप स्टेटसवर वापरा, दुकानाच्या कायमच्या पाटीवर नको. पोरांना ‘ब्रो’ चालतं, पण त्याच दुकानात आलेल्या आजीला चालत नाही. आणि किंमत, गॅरंटी, हप्ता यांत कसलीही स्टाईल नको. ते साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा.

ग्राहकासाठी हिशोब सोपा आहे. जाहिरातीतला ‘भावा’ काढून टाका आणि उरलेलं वाक्य पुन्हा वाचा. त्यात किंमत, व्याज आणि विकणाऱ्याचं नाव नसेल तर अंगठा पुढे सरकवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. ऑनलाईन पैसे गेले तर लगेच सायबर हेल्पलाईन १९३०. दोन्ही नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.